सलाईन चढली की बरी: सोलापुरातल्या एका कुत्रीच्या उलट्यांचा शोध

राणी, वय चार वर्षं, निम्मी लॅब्राडोर निम्मी गावठी, गर्भाशय काढलेलं. घर उत्तर कसब्यात, मालकाचा टॉवेलचा कारखाना. दिवाळीपासून एप्रिलपर्यंत चार वेळा आजारी पडली. दर वेळी उलट्या, दर वेळी सलाईन, आणि दर वेळी दोन दिवसांत शेपटी हलवत घरी. दिवाळीत वजन साडेपंचवीस किलो होतं, एप्रिलमध्ये बावीस भरलं. (प्रकरण शिकवण्यासाठी जुळवलेलं आहे. घर आणि कुत्री काल्पनिक, पण आकडे आणि क्रम या आजारात दिसतात तसेच ठेवले आहेत.)

उलटीची तक्रार आली की औषधाआधी एक गोष्ट पक्की करावी लागते: ही उलटी आहे की नुसतं अन्न वर येतंय? उलटीत कुत्रं आधी अस्वस्थ होतं, लाळ गाळतं, जिभल्या चाटतं, मग पोट आतबाहेर होऊन उमाळे येतात आणि पिवळं पित्त किंवा अर्धवट पचलेलं अन्न पडतं. अन्ननलिकेतूनच परत येणारं अन्न उमाळ्याशिवाय, मान खाली घातली की पडतं. ते नळीच्या आकाराचं असतं आणि त्यात पित्त नसतं. तोंडी वर्णनात दोन्ही सारखीच ऐकू येतात, म्हणून मालकाला मोबाईलवर चित्रण करून आणायला सांगावं. राणीच्या चित्रणात पोटाचे झटके स्वच्छ दिसत होते आणि फरशीवर पिवळा फेस होता. म्हणजे खरी उलटी.

दिवाळीतली पहिली खेप. पहाटे पिवळा फेस, दिवसभर काही खाल्लं नाही. रात्री पोट रिकामं राहिलं की काही कुत्र्यांना सकाळी पित्ताची उलटी होते, त्यावर रात्री उशिरा थोडं खायला देणं हा साधा उपाय. तेच निदान झालं. अर्धा लिटर डीएनएस (साखर मिसळलेलं सलाईन), उलटी थांबवायला ओन्डान्सेट्रॉन, आम्लावर पॅन्टोप्राझोल. दुसऱ्या दिवशी राणी भाकरी मागत होती.

दुसरी खेप जानेवारीत, सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या दिवसांत. या वेळी उलट्यांबरोबर पातळ संडास आणि मागच्या पायांत अशक्तपणा. टॉवेलच्या कारखान्याचं घर म्हटल्यावर संशय सुताकडे गेला, आणि तो रास्तच होता. सुताचा लांब धागा किंवा टॉवेलची किनार गिळली की एक टोक जठराच्या आतड्याकडच्या तोंडाशी अडकतं आणि उरलेलं आतड्यात उतरतं. आतडं त्या धाग्यावर नाडीत ओवलेल्या कापडासारखं चुण्या घालत गोळा होतं, आणि पुढे धागा आतड्याची भिंत कापतो. मांजरात हा धागा बहुधा जिभेखाली अडकलेला सापडतो, कुत्र्यात जठराच्या तोंडाशी. सूत एक्स-रेत दिसत नाही. दिसतात त्या आतड्याच्या चुण्या आणि स्वल्पविरामासारखे हवेचे बुडबुडे. राणीच्या फिल्ममध्ये यातलं काही नव्हतं. सोनोग्राफीतही आतडं मोकळं होतं.

मग घरातल्या विषबाधा तपासल्या गेल्या. सोलापूर-पंढरपूर पट्ट्यात बेदाणे घरोघरी असतात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक, त्यातलं टार्टारिक आम्ल त्याला कारण मानलं जातं. म्हणून चिंचेबाबतही तीच सावधगिरी. पण बेदाण्यांची उलटी दिवसभरात सुरू होते आणि मूत्रपिंडाचं काय व्हायचं ते पुढच्या दोन-तीन दिवसांत ठरतं. तीन महिन्यांच्या अंतराने ती परत येत नाही. शेंगाचटणी आणि तेलकट खरकट्याने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, पण राणीचं पोट दाबल्यावर दुखत नव्हतं. माणसाच्या दुखण्यावरच्या गोळ्या, उंदराचं औषध, दोन्हींना घरून स्पष्ट नकार.

उरला गोचिडाचा ताप. किटवर एर्लिकियाची, म्हणजे या तापाच्या जंतूची, चाचणी पॉझिटिव्ह आली आणि डॉक्सिसायक्लिन सुरू झालं, किलोला दहा मिलिग्रॅम रोज. इथे दोन खड्डे आहेत. ही किट प्रतिपिंडं मोजते, जंतू नव्हे. आपल्या भागात गोचीड अंगावर न चढलेलं कुत्रं शोधावं लागेल, तेव्हा प्रतिपिंडं म्हणजे फक्त ‘कधीतरी गाठ पडली होती’ एवढंच. राणीच्या प्लेटलेट दोन लाखांच्या वर होत्या आणि ताप नव्हता. दुसरा खड्डा असा की डॉक्सिसायक्लिन उपाशीपोटी दिलं की त्यानेच उलटी होते. झालंही तसंच. पाचव्या दिवशी गोळ्या बंद केल्या, आणि ‘औषध सोसत नाही’ हा आणखी एक शेरा फाईलवर चढला.

त्या खेपेच्या कागदात एक ओळ मात्र महत्त्वाची होती: डेक्सामेथासोन या स्टिरॉइडची एक सुई. बाकी खेपांमध्ये राणीला हुशारी यायला एक-दोन दिवस लागायचे. या वेळी ती त्याच संध्याकाळी उठून जेवली होती.

तिसरी खेप फेब्रुवारीच्या शेवटी. घरच्या लग्नाला सगळे बाहेरगावी गेले आणि राणीला चार दिवस कुत्री सांभाळणाऱ्यांकडे ठेवलं. तिथे तिने अन्न सोडलं. ‘घरची आठवण’ म्हणून सोडून दिलं. घरी आल्यावर उलट्या, सलाईन, आराम.

आजींचं निदान

चौथ्या खेपेला, एप्रिलच्या मध्यावर, राणीला उचलून आणावं लागलं. बाहेर पारा एकेचाळीसच्या पुढे, आणि कुत्री थरथरत होती. गुदद्वारातलं तापमान 98.4 अंश फॅरेनहाइट. निरोगी कुत्र्याचं 100.5 ते 102.5 असतं. सोलापूरच्या एप्रिलमध्ये मलूल पडलेलं कुत्रं म्हटलं की हात आधी उष्माघाताच्या उपचाराकडे जातो, बर्फ आणि ओली फडकी. हिला ते केलं असतं तर घात झाला असता. थर्मामीटर आधी लावायचा तो यासाठी.

हिरड्या फिकट, दाबून सोडल्यावर रंग परतायला तीन सेकंद. कातडी चिमटीत धरली की तशीच उभी. अंदाजे आठ टक्के पाणी गेलेलं. आणि नाडी मिनिटाला 64.

या आकड्यापाशी थांबायला हवं. एवढं पाणी गेलेल्या, रक्तदाब पडलेल्या कुत्र्याचं हृदय 140-160 ने धावायला हवं. ते संथ चालत असेल तर कुणीतरी त्याला आतून धरून ठेवलं आहे, आणि अशा वेळी पहिला संशयित वाढलेलं पोटॅशियम. ईसीजीवर टी लहरी उंच आणि टोकदार, पी लहरी बसक्या, म्हणजे त्याच्याच खुणा.

सोबत आलेल्या आजी म्हणाल्या, “हिला दृष्ट लागलीय. सण आला की पडते.” दर खेपेला त्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या होत्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर घरच्यांनी उलट्यांच्या तारखांना गोल केले होते, ते फोटो काढून आणले. दिवाळी: फटाके. संक्रांतीची यात्रा: दारापुढून नंदीध्वजांची मिरवणूक, हलग्या, बँड, मग शोभेचं दारूकाम. फेब्रुवारी: अनोळखी जागी चार दिवस. एप्रिल: घराला रंगकाम आणि गच्चीवर बांधून ठेवणं. आजींनी जे पाहिलं ते बरोबर होतं, फक्त नाव वेगळं. ताण आला की ही कुत्री कोसळते. मीठही बरोबरच होतं, ओवाळून टाकण्याऐवजी पोटात जायला हवं होतं.

मूत्रपिंडांच्या डोक्यावर वाटाण्याएवढ्या-घेवड्याएवढ्या ॲड्रिनल ग्रंथी असतात. त्यांच्या सालीतून दोन मुख्य संप्रेरकं निघतात. कॉर्टिसोल ताण पेलतं, रक्तातली साखर आणि रक्तदाब टिकवतं, आतड्याचं अस्तर धड ठेवतं. अल्डोस्टेरोन मूत्रपिंडाला सांगतं, सोडियम ठेव, पोटॅशियम टाक. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती ही साल खाऊन टाकते तेव्हा दोन्ही आटतात. माणसातला हा आजार थॉमस ॲडिसन यांनी 1855 मध्ये वर्णन केला, कुत्र्यातही त्यांचंच नाव चालतं. तरुण ते मध्यमवयीन कुत्र्यांत, त्यातही माद्यांमध्ये जास्त. स्टँडर्ड पूडल, ग्रेट डेन अशा जातींचं नाव पुस्तकात येतं, म्हणून गावठी रक्ताच्या कुत्र्यात तो कुणाच्या डोक्यात येत नाही.

आणि सलाईनने बरं वाटायचं कारण इथेच आहे. डीएनएस किंवा नॉर्मल सलाईनच्या लिटरमध्ये 154 मिलिइक्विव्हॅलंट सोडियम असतं आणि पोटॅशियम शून्य. आटलेलं संप्रेरक जे काम करत नव्हतं ते बाटली दोन दिवस करून जायची. उलटीची सुई निव्वळ शेजारी बसलेली असायची आणि श्रेय तिला जायचं. डेक्सामेथासोनने तर कॉर्टिसोलचीच जागा भरली होती.

रिपोर्टमध्ये काय होतं, काय नव्हतं

एप्रिलचे आकडे असे. सोडियम 128 (साधारण 140 ते 155), पोटॅशियम 6.9 (साधारण 3.6 ते 5.5). सोडियमला पोटॅशियमने भागलं तर 18.5. निरोगी कुत्र्यात हा भागाकार 27 ते 40 मध्ये राहतो. 27 खाली संशय, 20 खाली दाट संशय. साखर 64. युरिया नायट्रोजन 62, क्रिएटिनिन 2.1. लघवीची घनता 1.018.

शेवटचे तीन आकडे एकत्र पाहिले की कुणीही म्हणेल, मूत्रपिंड गेलं. पाणी कमी पडलेलं कुत्रं घट्ट लघवी करतं, 1.030 च्या वर. पातळ लघवी आणि चढलेलं क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडाचा दोष, हा नियम पाठ असतो. ॲडिसनमध्ये तो फसवतो, कारण सोडियमच निसटत असल्यामुळे मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही. या चुकीने कितीतरी बऱ्या होणाऱ्या कुत्र्यांना ‘किडनी फेल, आता काही नाही’ ऐकावं लागतं. फरक उपचाराने कळतो: द्रव भरून निघाल्यावर दोन दिवसांत क्रिएटिनिन खाली येतं.

पोटॅशियम जास्त दिसलं की नमुन्यावरही शंका घ्यावी. जांभळ्या टोपणाच्या नळीत पोटॅशियम ईडीटीए असतं. तिच्यातलं रक्त चुकून दुसऱ्या नळीत ओतलं किंवा आधी तीच नळी भरून त्याच सुईने पुढची भरली, की पोटॅशियम खोटं वाढतं. पण मग ईडीटीए कॅल्शियमला बांधतं आणि कॅल्शियम खूप खाली दिसतं. राणीचं कॅल्शियम 12.1 होतं, उलट किंचित वर, आणि ॲडिसनमध्ये ते तसं वाढू शकतं. नमुना खरा होता.

आता जानेवारीचा कागद. त्यात यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या होत्या, सोडियम-पोटॅशियम नव्हतं. प्रयोगशाळेच्या ‘पॅकेज’मध्ये ते वेगळं मागावं लागतं आणि उलटीच्या कुत्र्यात न मागणं ही या प्रकरणातली सगळ्यात महागात पडलेली गोष्ट. पण कागद पूर्ण मुका नव्हता. पांढऱ्या पेशी 11,800. त्यात लिम्फोसाइट 34 टक्के, म्हणजे सुमारे 4,000. इओसिनोफिल 8 टक्के, सुमारे 940. यंत्राने सगळ्यांपुढे ‘नॉर्मल’ छापलं होतं. आजारी, उलट्यांनी हैराण कुत्र्याच्या रक्तात कॉर्टिसोल चढलेलं असतं आणि ते लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल खाली ढकलतं. लिम्फोसाइट हजाराच्या आसपास आणि इओसिनोफिल जवळजवळ नाहीसे, हे आजारी कुत्र्याचं ‘नॉर्मल’. राणीचं रक्त मजेत बागडणाऱ्या कुत्र्याचं होतं. त्या शांततेचाच संशय यायला हवा होता. एप्रिलमध्येही तेच: 12,400 पैकी लिम्फोसाइट 33 टक्के, इओसिनोफिल 9 टक्के.

जानेवारीत क्षार, म्हणजे सोडियम-पोटॅशियम, मागवले असते आणि ते बरोबर आले असते, तरी आजार सुटला असता असं नाही. काही कुत्र्यांत आधी फक्त कॉर्टिसोल आटतं आणि क्षार महिनोन्‌महिने ठीक राहतात. अशा वेळी पाया कॉर्टिसोलची (कुठलीही सुई देण्याआधीच्या पातळीची) एक नळी कामी येते. माणसांच्या प्रयोगशाळेत होते, सोलापुरातही. 2 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर आलं तर ॲडिसन जवळजवळ बाद. काही ठिकाणी एकक नॅनोमोलमध्ये छापतात, तिथे ही रेषा 55 वर. खाली आलं तर मात्र आजार सिद्ध होत नाही, पुढची चाचणी करावी लागते.

एक सोंगाड्याही दूर करायचा होता. चाबूककृमी आतड्यात माजले तर सोडियम खाली, पोटॅशियम वर, हुबेहूब ॲडिसन. त्यांची अंडी रोज पडत नाहीत, म्हणून शी एकदा स्वच्छ आली तरी जंतांचं औषध फेनबेन्डाझोल किलोला 50 मिलिग्रॅम तीन दिवस दिलं. राणीला 1,100 मिलिग्रॅम रोज.

टेबलावर

सलाईन जोडण्याआधी रक्त काढलं, त्यात कॉर्टिसोलची नळीही. हा क्रम उलटला की पुढे पंचाईत. मग नॉर्मल सलाईन किलोला 20 मिलि, म्हणजे 440 मिलि, वीस मिनिटांत. पुन्हा निम्मं. साखर कमी होती म्हणून 25 टक्के डेक्स्ट्रोज 44 मिलि, तेवढंच सलाईन मिसळून, सावकाश. त्याने इन्सुलिन सुटतं आणि पोटॅशियम पेशींत शिरतं. पोटॅशियमच्या धोक्यात हृदयाच्या संरक्षणाला कॅल्शियम ग्लुकोनेट देतात, पण हिचं कॅल्शियम आधीच चढलेलं आणि ठोके संथ असले तरी लयीत होते. सिरिंज भरून ठेवली, वापरावी लागली नाही.

स्टिरॉइड कोणतं, याला महत्त्व आहे. प्रेडनिसोलोन किंवा हायड्रोकॉर्टिसोन दिलं तर चाचणीतलं यंत्र त्यालाच कॉर्टिसोल समजतं. डेक्सामेथासोनला समजत नाही. म्हणून ते किलोला 0.2 मिलिग्रॅम, म्हणजे 4 मिलिग्रॅम प्रति मिलिच्या कुपीतून 1.1 मिलि, शिरेतून.

निदान पक्कं करायला एसीटीएच (ॲड्रिनलला कॉर्टिसोल सोडायला सांगणारं संप्रेरक) द्यायचं आणि ग्रंथी उत्तर देते का ते पाहायचं. त्याचं कृत्रिम रूप टेट्राकोसॅक्टाइड मिळालं तर किलोला 5 मायक्रोग्रॅम शिरेतून आणि तासाने दुसरा नमुना. ते हाती नसेल तर लहान मुलांच्या झटक्यांसाठी येणारं एसीटीएचचं जेल चालतं: किलोला 2.2 युनिट स्नायूत, दोन तासांनी नमुना. राणीला 60 युनिट प्रति मिलिच्या कुपीतून 0.8 मिलि. रक्तदाब पडलेला असताना स्नायूतून औषध नीट शोषलं जात नाही, म्हणून दोन तास सलाईन गेल्यावर, पाय गरम लागल्यावर सुई दिली. पहिलं कॉर्टिसोल 0.4, नंतरचं 0.5. धडधाकट ग्रंथी सहाच्या वर नेते. हिची जागची हलली नाही. सोनोग्राफीत डावी ॲड्रिनल 2.6 मिलिमीटर जाड होती. 3.2 च्या खाली असली तर या आजाराकडे बोट जातं. आधीच्या सोनोग्राफीत ती मोजलेलीच नव्हती, कारण तेव्हा सगळे सूत शोधत होते.

स्टिरॉइडचा जुना वापर विचारणं राहून जातं. खाजेसाठी महिनोन्‌महिने सुया किंवा मलमं चालू असतील तरी ग्रंथी झोपते आणि चाचणी अशीच सपाट येते. तिथे क्षार सहसा शाबूत असतात. राणीला जानेवारीतल्या त्या एका सुईखेरीज काही मिळालेलं नव्हतं.

सहा तासांत पोटॅशियम 5.6, नाडी 104. सोडियम चोवीस तासांत 137. ते दिवसाला दहा-बारापेक्षा जास्त चढू द्यायचं नाही, मेंदूतल्या तंतूंच्या आवरणाला इजा होते. क्रिएटिनिन तिसऱ्या दिवशी 1.2.

घरी

अल्डोस्टेरोनच्या जागी फ्लुड्रोकॉर्टिसोन, किलोला रोज 0.02 मिलिग्रॅम. गोळी 100 मायक्रोग्रॅमची, म्हणून सकाळी दोन, संध्याकाळी दोन. परदेशात यासाठी महिन्याला एक सुई देतात, ती आपल्याकडच्या दुकानांत सहज मिळत नाही. कॉर्टिसोलच्या जागी प्रेडनिसोलोन, 5 मिलिग्रॅमची एक गोळी सकाळी खाण्यासोबत, तीन आठवड्यांनी निम्मी. पाणी फार पिऊ लागली, घरात लघवी करू लागली तर आधी प्रेडनिसोलोन कमी करायचं, फ्लुड्रोकॉर्टिसोनला हात लावायचा नाही. ‘आता बरी आहे’ म्हणून गोळ्या थांबवणं हा घरोघरचा धोका. औषध जन्मभराचं आहे. पट्टी संपायच्या दहा दिवस आधी दुसरी आणून ठेवायची, कारण ही गोळी प्रत्येक मेडिकलवर नसते.

शहाळं बंद करायला सांगितलं तेव्हा घरचे चपापले. उन्हाळ्यात अशक्तपणा म्हणून राणीला रोज एक शहाळं पाजत होते. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं, म्हणजे हिला नको तेच जास्त.

क्षारांची तपासणी आठवड्याने, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने. पहिल्या तपासणीत पोटॅशियम 5.8, म्हणून फ्लुड्रोकॉर्टिसोनची संध्याकाळची मात्रा एका गोळीने वाढवली. महिन्याने सोडियम 144, पोटॅशियम 4.9, भागाकार 29. वजन 24.8. डोस वर्षभरात थोडा थोडा वाढत जातो, त्याला आजार बळावला म्हणत नाहीत.

ताणाच्या दिवसांसाठी कागदावर लिहून दिलं: आदल्या दिवसापासून प्रेडनिसोलोन दुप्पट, सगळं शांत झाल्यावर दोन दिवसांनी पूर्ववत. गोळी उलटून पडली किंवा दोन वेळचं जेवण सोडलं तर घरी वाट न पाहता सुई. आजींनी कॅलेंडरवर जुन्या गोलांच्या शेजारी पुढची दिवाळी आणि यात्रेचे दिवस लाल पेनाने खुणावले आणि प्रत्येकाच्या आदल्या चौकटीत लिहिलं, ‘राणी, दोन गोळ्या’. ते वाचून एक दुरुस्ती करावी लागली. तोवर रोजची मात्रा अर्धी गोळी झाली होती, म्हणजे दुप्पट म्हणजे एक.